पाचवी गाठ

गाठ हा शब्द मराठीत तसा अमंगल नाही. लग्नगाठ असते, गाठीभेटी असतात, गाठीशी चार पैसे असतात. तोच शब्द तपासणीच्या कागदावर उमटला की मात्र घरातील बोलणे एकाएकी हळू आवाजात होऊ लागते. पोटातील गाठ म्हणजे कर्करोग, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के झालेले आहे की, मधल्या शक्यतांपाशी थांबायला कोणाला उसंत नसते.

मूत्रपिंडाच्या बाबतीत हे समीकरण अगदी निराधार आहे असेही म्हणता येत नाही. मूत्रपिंडातील भरीव गाठींपैकी बहुसंख्य गाठी खरोखरच कर्करोगाच्या असतात. परंतु चार सेंटिमीटरपर्यंतच्या लहान गाठी काढून तपासल्या असता, साधारणपणे पाचांपैकी एक गाठ निरुपद्रवी निघते, असा जगभरातील रुग्णालयांचा अनुभव आहे. चित्रात ती कर्करोगासारखीच दिसते. तिचा स्वभाव मात्र वेगळा असतो. आमच्या घरी अशाच एका पाचव्या गाठीने सारा भाद्रपद व्यापला होता. त्या निमित्ताने जे समजले, ते वृद्धांची देखभाल करणाऱ्या इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

अहवालातील तिसरी ओळ

माझे थोरले बंधू, आम्हा सर्वांचे दादा, त्या वेळी ७२ वर्षांचे होते. रत्नागिरीजवळच्या गावी वडिलोपार्जित घर आणि हापूसची कलमे दादा आणि वहिनी सांभाळतात. मी रत्नागिरी शहरात राहतो आणि त्यांच्या औषधपाण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. दादांना १८ वर्षांचा मधुमेह आहे. त्याने मूत्रपिंडांवर आपली खूण उमटवली होती. रक्तातील क्रिएटिनिन १.९ पर्यंत चढलेले होते.

रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागते म्हणून श्रावणात त्यांची सोनोग्राफी केली. प्रोस्टेट वाढलेली होतीच. पण अहवालाच्या तिसऱ्या ओळीत, डाव्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला ३.४ सेंटिमीटरची भरीव गाठ असल्याची नोंद होती. दादांना तिचा काडीचाही त्रास नव्हता. कुशीत दुखत नव्हते, लघवीतून रक्त जात नव्हते. आजकाल सापडणाऱ्या मूत्रपिंडाच्या गाठींपैकी निम्म्याहून अधिक गाठी अशाच, भलत्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत अवचित दिसतात, हे पुढे कळले.

एका मोठ्या शहरातील शल्यविशारदांनी अहवाल पाहून, गाठ कर्करोगाची असण्याचा संभव अधिक आहे, तेव्हा डावे मूत्रपिंड संपूर्ण काढून टाकावे, असा सल्ला दिला. सल्ला अनाठायी नव्हता. पाचांतील चारांचा विचार करूनच तो दिलेला होता. कागद घेऊन आम्ही रत्नागिरीला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आलो. त्यांनी गाठीच्या ओळीवर नव्हे, तर क्रिएटिनिनच्या आकड्यावर बोट ठेवले. म्हणाले, "गाठ कसली आहे हा एक प्रश्न झाला. दुसरा प्रश्न असा की, एक मूत्रपिंड गेल्यावर उरलेल्या एकावर यांचे भागेल का?"

त्या दुसऱ्या प्रश्नाने आमच्या विचाराची दिशा बदलली. प्रत्येक मूत्रपिंडात रक्त गाळणारे सुमारे दहा लाख सूक्ष्म घटक असतात. जन्मानंतर त्यांत नव्याची भर पडत नाही आणि वयपरत्वे ते कमीच होत जातात. निरोगी माणूस एका मूत्रपिंडावर आयुष्य सुखाने काढू शकतो. पण मधुमेहाने दोन्ही मूत्रपिंडे आधीच थकलेली असतील, तर एक गेल्यावर आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस करण्याची पाळी येऊ शकते. सत्तरी ओलांडलेल्या आणि गावात राहणाऱ्या माणसासाठी ही लहान गोष्ट नव्हे. गाठ जर निरुपद्रवी असेल, तर एवढी किंमत कशासाठी मोजायची? आणि ती तशी नसेल, तर वाट पाहण्याची किंमत किती? या दोन प्रश्नांच्या मध्ये आम्ही उभे होतो.

कर्करोगाचा वेश घेणाऱ्या गाठी

आंबा घाट चढून आम्ही कोल्हापूरला गेलो. तेथील मूत्ररोगतज्ज्ञांनी आणि मूत्रपिंडविकारतज्ज्ञांनी एकत्र बसून कागद पाहिले, मूत्रपिंडांची ताकद लक्षात घेऊन एमआरआय करविला आणि कागदावर चित्रे काढत आम्हाला बरेच समजावून सांगितले. त्याचा सारांश असा.

काही वेळा गाठ म्हणून जे दिसते ती गाठच नसते. डाव्या मूत्रपिंडावर प्लीहेचा दाब पडून त्याच्या कडेला उंटाच्या मदारीसारखा फुगवटा आलेला असतो, किंवा आतील निरोगी भागच थोडा पुढे आलेला असतो. पन्नाशीनंतर अनेकांच्या मूत्रपिंडांत पाण्याने भरलेल्या साध्या पुटकुळ्या आढळतात. त्यांना सिस्ट म्हणतात आणि त्यांच्याबद्दल बहुधा काहीच करावे लागत नाही. सिस्टची भिंत जाड असेल, आत पडदे किंवा भरीव भाग असेल, तर मात्र संशय वाढत जातो. संशयाची ही चढती श्रेणी न्यूयॉर्कचे क्ष-किरणतज्ज्ञ डॉ. मॉर्टन बोस्नियाक यांनी १९८६ साली मांडली. अहवालात 'बोस्नियाक' हा शब्द आणि त्यापुढे रोमन आकडा दिसला, तर तो रोगाचे नाव नसून संशयाची पायरी आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रकार जंतुसंसर्गाचा. मोठा मुतखडा अडकून राहिला आणि आत वर्षानुवर्षे संसर्ग धुमसत राहिला, तर मूत्रपिंडात पिवळसर, चरबीयुक्त पेशींचे गोळे तयार होतात. झँथोग्रॅन्युलोमॅटस पायलोनेफ्रायटिस असे त्याचे लांबलचक नाव आहे. हा विकार मध्यमवयीन स्त्रियांत अधिक आढळतो आणि मधुमेहींनाही तो होतो. मूत्रपिंडाचा क्षयरोगही असाच फसवा असतो. वारंवार येणारा ताप, उतरलेले वजन, लघवीतील पू आणि चित्रातील गोळा, हे सारे कर्करोगाचे वाटते, पण मूळ निराळेच असते. मुतखडा आणि क्षय या दोहोंचे प्रमाण आपल्या देशात मोठे असल्याने, ही शक्यता आपल्याकडे विसरून चालत नाही.

तिसरा प्रकार खऱ्या, पण निरुपद्रवी गाठींचा. त्यांत अँजिओमायोलायपोमा ही गाठ प्रमुख आहे. रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांची ती बनलेली असते आणि स्त्रियांत अधिक आढळते. तिच्यातील चरबी सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसते, त्यामुळे बहुतेक वेळा ती ओळखू येते. चरबी अगदी कमी असली की मात्र ती कर्करोगासारखी भासते. निरुपद्रवी असली तरी ही गाठ मोठी होऊन फुटू शकते आणि पोटात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून चार सेंटिमीटरच्या पुढे गेलेल्या गाठीकडे डॉक्टर अधिक सावधपणे पाहतात आणि गरज पडल्यास तिचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपचार करतात. मेटानेफ्रिक अॅडिनोमा नावाची आणखी एक दुर्मीळ गाठ आहे. तीही स्त्रियांत अधिक होते आणि काही रुग्णांत तिच्यामुळे हिमोग्लोबिन वाजवीपेक्षा चढलेले आढळते.

या सर्वांत चकवा देणारी गाठ म्हणजे ऑन्कोसायटोमा. मूत्रपिंडाच्या शंभर गाठींत अशा तीन ते सात असतात. साठी-सत्तरीच्या वयात आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत ती अधिक आढळते. पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिका तिच्या पेशींत खच्चून भरलेल्या असतात. त्यामुळे कापल्यावर ती तपकिरी रंगाची दिसते आणि काही गाठींच्या मध्यभागी चांदणीसारखा व्रण असतो. हा व्रण दिसला की निदान झाले, असे मात्र नाही. कर्करोगाच्या काही गाठींतही तो असतो. १९७६ साली क्लाइन आणि व्हॅलेन्सी या दोन अमेरिकन डॉक्टरांनी अशा १३ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हापासून ही वेगळी आणि सौम्य गाठ आहे, ही गोष्ट वैद्यकविश्वात सर्वमान्य होत गेली. तोवर अशा रुग्णांची गणना कर्करोगातच होत असे.

सीटी किंवा एमआरआय करताना शिरेतून रंजकद्रव्य देतात. ते कर्करोगाची गाठ शोषून घेते, तशीच ऑन्कोसायटोमाही शोषते. चित्रात दोघी सारख्याच उजळतात. पेट स्कॅन केला म्हणजे सगळा उलगडा होईल, असे आम्हाला एका हितचिंतकाने सांगितले होते. पण त्यासाठी नेहमी वापरले जाणारे द्रव्य मूत्रपिंडांतूनच बाहेर पडत असल्याने, या प्रश्नाचा निवाडा करायला त्याचा फारसा उपयोग होत नाही. हृदयाच्या तपासणीत वापरले जाणारे सेस्टामिबी नावाचे किरणोत्सारी द्रव्य तंतुकणिकांत साठते, म्हणून ऑन्कोसायटोमा ओळखण्यास काही मोठ्या केंद्रांत त्याची मदत घेतात. तेही अंतिम उत्तर नव्हे, मदतच.

सांगावे की सांगू नये

दादांना यातले किती सांगावे, यावरून घरात दोन तट पडले. गणपती आठवड्यावर आलेले. मुंबईहून चाकरमानी मंडळी येणार, पडवीत माटवी बांधायची, आरत्या व्हायच्या. वहिनींचे म्हणणे होते की, विसर्जन होईपर्यंत त्यांच्या कानावर काही घालू नये. माझ्या पुतण्यालाही तेच योग्य वाटत होते. आपल्याकडे प्रेमापोटी असे झाकून ठेवण्याची रीत जुनी आहे आणि तिच्यामागची माया खोटी नसते.

पण शेवटी दादांनीच विषय काढला. "कोल्हापुरास नेऊन यंत्रात घातलेत, ते प्रोस्टेटसाठी नव्हे, एवढे कळते मला," असे ते म्हणाले. मग मी त्यांना सर्व सांगितले: गाठ आहे, ती कर्करोगाची असू शकेल, नसूही शकेल, आणि ते ठरविण्याचे मार्ग हे असे आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. रडले नाहीत, चिडले नाहीत. त्यांनी विचारले ते एवढेच की, मूत्रपिंड काढल्यावर बागेत चढउतार करता येईल का आणि डायलिसिस लागला तर कुठे राहावे लागेल. त्या दोन प्रश्नांतून त्यांना काय मोलाचे वाटते, ते आम्हाला उमगले आणि पुढचे निर्णय सोपे झाले. अनिश्चित गोष्ट वृद्धांना झेपणार नाही, असे आपण फार चटकन गृहीत धरतो. ज्याने उभा जन्म पावसावर आणि मोहोरावर विसंबून काढला, त्याला 'असेल, नसेल' ही भाषा आपल्यापेक्षा चांगली समजते.

सुईचे उत्तर

विसर्जनानंतर कोल्हापुरात सुईने गाठीचा तुकडा घेतला. बायोप्सीला सुई लावली की कर्करोग पसरतो, ही भीती आपल्याकडे सार्वत्रिक आहे. आम्हीही ती बोलून दाखवली. संरक्षक नळीतून सुई घालण्याच्या आजच्या पद्धतीत तसे घडणे अत्यंत दुर्मीळ आहे, असे डॉक्टरांनी स्पष्ट केले. खरी काळजी रक्तस्रावाची असते. म्हणून दादांची रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून आधी काही दिवस थांबविली होती. काही वेळा पुरेसा तुकडा मिळत नाही आणि निदान होत नाही, हेही त्यांनी अगोदरच सांगून ठेवले. शरीरात दुसरीकडे असलेला कर्करोग किंवा लसिकापेशींचा कर्करोग मूत्रपिंडात आढळतो, तेव्हा उपचार शस्त्रक्रियेचा नसून औषधांचा असतो. अशी शंका असल्यासही बायोप्सी फार मोलाची ठरते.

अहवाल आला, त्यात ऑन्कोसायटोमाची शक्यता सर्वाधिक असल्याचे म्हटले होते. 'सर्वाधिक' या शब्दाने वहिनींचे समाधान झाले नाही. त्यांना 'आहे' किंवा 'नाही' हवे होते. तेव्हा विकृतिशास्त्रज्ञांनी कारण सांगितले. क्रोमोफोब नावाचा मूत्रपिंडाचा एक कर्करोग आहे. तो बहुधा मंदगतीचा असतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली ऑन्कोसायटोमाचा जणू सख्खा भाऊ दिसतो. सुईने मिळालेल्या बारीक तुकड्यावरून, विशेष रंग वापरूनही, दोघांना शंभर टक्के वेगळे करता येईलच असे नाही. त्यासाठी संपूर्ण गाठच काढून पाहावी लागते. आम्ही तुकड्याचा मेणातील ठोकळा आणि काचा मुंबईच्या दुसऱ्या तज्ज्ञांकडेही पाठविल्या. त्यांचे मतही तेच पडले.

आता दोन मार्ग उरले. पहिला, फक्त गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढून उरलेले मूत्रपिंड वाचविण्याचा. लहान गाठीसाठी, जागा सोयीची असेल तर, आज हीच शस्त्रक्रिया प्रथम पसंतीची मानतात. दुसरा मार्ग ठरावीक काळाने तपासणी करीत गाठीवर नजर ठेवण्याचा. वय, मधुमेह, क्रिएटिनिन आणि बायोप्सीचा कौल असे सारे मांडून, डॉक्टरांनी आणि दादांनी मिळून दुसरा मार्ग निवडला. गाठ चार सेंटिमीटरच्या पुढे गेली किंवा वर्षभरात अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक वाढली, तर पहिल्या मार्गाचा विचार करायचा, हेही त्याच दिवशी कागदावर लिहून घेतले.

'बहुधा' सोबत राहणे

या गोष्टीला दोन वर्षे झाली. गाठ ३.४ वरून ३.७ झाली आहे. पहिल्यांदा आकडा वाढलेला दिसला, तेव्हा वहिनींचा चेहरा उतरला. परंतु लहान गाठी, त्या निरुपद्रवी असोत वा नसोत, वर्षाला सरासरी तीन मिलिमीटरच्या आसपास वाढतात. नुसत्या वाढीवरून गाठीचा स्वभाव ठरत नाही. क्रिएटिनिन २.० वर टिकून आहे. दादा सकाळी बागेत जातात, साखर सांभाळतात आणि दुखण्यावर दुकानातून स्वतःच्या मनाने गोळी आणून घेत नाहीत, कारण अशा अनेक वेदनाशामक गोळ्या थकलेल्या मूत्रपिंडांना अपाय करतात.

नजर ठेवणे म्हणजे काहीच न करणे नव्हे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. त्यात ठरलेल्या तारखेची शिस्त लागते. तपासणी शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने करावी लागते, म्हणजे मागच्या मापाशी नवे माप ताडून पाहता येते. ज्या कुटुंबाला तारखा पाळणे शक्य नाही, त्याच्यासाठी हा मार्ग नाही.

घरातील कोणाच्या अहवालात अशी ओळ आली, तर काही प्रश्न लिहून घेऊन डॉक्टरांकडे जावे. गाठ भरीव आहे की पाण्याची? तिच्यात चरबी दिसते का? मुतखडा, जुना संसर्ग किंवा क्षय यांमुळे असे दिसत असेल का? दुसऱ्या मूत्रपिंडाची ताकद किती आहे? रंजकद्रव्य देणे यांच्यासाठी सुरक्षित आहे का? बायोप्सीचे उत्तर काहीही आले, तरी उपचार बदलणार आहे का? नसेल, तर ती कशासाठी करायची? फक्त गाठ काढून मूत्रपिंड वाचविता येईल का? मोठी शस्त्रक्रिया ठरविण्यापूर्वी मूत्रपिंडविकारतज्ज्ञांचे मत घ्यावे. दुसरे मत मागितल्याने चांगले डॉक्टर रागावत नाहीत. जुने अहवाल, चित्रांच्या तबकड्या आणि बायोप्सीच्या काचा जपून ठेवाव्यात; त्या रुग्णाच्याच कामी येतात. खर्चाची चिंता असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते रुग्णालय आणि कोणता उपचार बसतो, याची चौकशी आधीच करावी. कोकणातून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जाण्याची वाट १९४१ पासून अनेक पिढ्यांनी तुडविली आहे. पण प्रत्येक गाठीसाठी घाईने ती धरण्याआधी रत्नागिरी, डेरवण किंवा कोल्हापूर येथे कोणत्या तपासण्या होऊ शकतात, ते पाहावे.

एक सावधगिरी मात्र सर्वांत महत्त्वाची. लघवीतून एकदाही रक्त गेले, मग ते वेदना न होता गेले आणि आपोआप थांबले असले तरी, तपासणी टाळू नये. त्यासोबत वजन घटणे, कुशीत दुखणे किंवा टिकून राहणारा ताप असेल, तर अजिबात दिरंगाई नको. पाचांतील एक गाठ निरुपद्रवी असते याचाच अर्थ उरलेल्या चार तशा नसतात, आणि आपली गाठ त्यांपैकी कोणती हे घरी बसून ठरविता येत नाही. दादांची पुढची तपासणी मार्गशीर्षात आहे. कलमांना मोहोर येण्याच्या आत ती उरकून घ्यावी, असे त्यांनी स्वतःच सुचविले आहे.